उंदरांच्या सापळ्याची कुळकथा

पुण्यात कोणी विचित्र वागलं की ‘याला येरवड्याला पोचवा’ म्हणायची जुनी पद्धत आहे. म्हणणाऱ्याच्या मनात मनोरुग्णालय असतं. बोलण्याचा विषय गुन्ह्याचा असेल, तर तेच वाक्य कारागृहाला लागू पडतं. आम्ही येरवडेकर दोन्ही अर्थांना सरावलो आहोत. आमच्या सोसायटीचं सभागृह १८७१ पासून उभ्या असलेल्या त्या कारागृहाच्या भिंतीपासून फार लांब नाही. तिथेच गेल्या पावसाळ्यात आमच्या हौशी मंडळाने एका खुनाच्या नाटकाच्या तालमी केल्या. नाटक होतं अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’, मराठी भाषांतरात.

मला जुन्या नाट्यपुस्तकांचा नाद आहे, एवढ्या भांडवलावर मंडळाने मला ‘संदर्भवाले काका’ करून टाकलं. काम सोपं होतं. नटांनी विचारलं की सांगायचं. पण तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात एक वाद झाला आणि त्या वादाने मला या नाटकाच्या नावामागे, मग नाटकामागच्या एका मुलामागे, बरंच लांब नेलं. हा लेख त्या शोधाचा आहे. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही सांगू नये, असा या नाटकाचा रिवाज आहे.

आधी हे सांगायला हवं की हौशी मंडळं अशा नाटकाच्या प्रेमात का पडतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या वातावरणात वाढलेल्या कोणालाही गणित लगेच कळेल. एकच दिवाणखाना, म्हणजे एकच नेपथ्य. आठ पात्रं, पाच पुरुष आणि तीन स्त्रिया, आणि जवळजवळ सगळ्यांना सारखं काम. ‘मला दोनच वाक्यं दिलीत’ ही हौशी मंडळं फोडणारी तक्रार इथे उद्भवत नाही, कारण संशय सगळ्यांवर सारखा वाटायचा असतो. मोठा नट लागत नाही. किंबहुना मोठा नट असला तर बिघडतंच. प्रेक्षक त्याच्यावरच नजर ठेवून बसतो.

लागते ती शिस्त. रहस्यनाट्यात प्रत्येक वाक्याला दोन अर्थ हवेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला एक, आणि शेवट ठाऊक असलेल्याला दुसरा. नटाने दुसरा अर्थ दाखवायचा नाही आणि पुसायचाही नाही. आमच्याकडे खुन्याचं काम करणाऱ्याला सुरुवातीला हेच जमेना. तो प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबायचा, डोळे बारीक करायचा. दिग्दर्शक शेवटी म्हणाला, ‘अरे, तुला माहीत आहे हे विसर. तू फक्त चहा मागतो आहेस, तर चहा माग.’

दुसरी शिस्त वस्तूंची. नाटकाच्या आरंभी रेडिओवर बातमी लागते. लंडनमध्ये एका बाईचा खून झाला आहे आणि पोलिसांना हव्या असलेल्या माणसाच्या अंगात गडद ओव्हरकोट, फिकट मफलर आणि मऊ फेल्ट हॅट होती. मग एकेक माणूस बर्फातून आत येतो आणि बघावं तर तोच पोशाख. प्रेक्षकाला संशयाचं शिक्षण इथे मिळतं, एकही संवाद न बोलता. आम्ही ते ओव्हरकोट जुन्या बाजारातून दोन रविवार फिरून जमवले. बर्फासाठी थर्माकोल नको असं ठरलं, म्हणून खांद्यावर कापूस चिकटवला. सप्टेंबरच्या उकाड्यात, पंखे बंद ठेवून (वाऱ्याने कापूस उडायचा), लोकरी कोटात थंडीने कुडकुडणारी माणसं बघून पहिल्या रंगीत तालमीला सोसायटीची पोरं खो-खो हसली.

कोणी सुचवलं की इंग्लंडच्या बर्फाऐवजी माथेरानचा पाऊस करू, घाटात दरड कोसळलेली दाखवू. सूचना वाईट नव्हती. आपल्या रंगभूमीने रूपांतराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. अलीकडे ‘डायल एम फॉर मर्डर’वरून ‘अ परफेक्ट मर्डर’ मराठीत आलं. पण परवाना घेऊन केलेल्या नाटकात संहितेला हात लावायचा नसतो. आमच्या सचिवांनी परवान्याचा पत्रव्यवहार आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, या दोन गोष्टींपायी इतका घाम गाळला होता की ‘आता एक अक्षरही हलणार नाही’ असं त्यांनी जाहीर करून टाकलं. तेव्हा बर्फ राहिला.

वाद याच मुद्द्यावरून पेटला. दिग्दर्शक तरुण, संगणक कंपनीत नोकरी करणारा, हुशार. त्याचं म्हणणं, नाटक मध्ये मध्ये मंदावतं. पात्रं कुठल्याशा शेतावरच्या जुन्या प्रकरणाबद्दल बोलू लागतात. तीन भावंडं, अनाथासारखी. त्यांना कोर्टाने एका शेतकरी जोडप्याकडे सांभाळायला दिलं. तिथे त्यांचे हाल झाले, एक मूल मेलं. ‘काका, हे सगळं दोन वाक्यांत आवरू. लोकांना खुनी कोण ते हवंय, इतिहास नकोय.’ परवान्याचं कलम त्याला पाठ होतं. तरी भाषांतरात थोडं आटोपशीर केलं तर कोण बघतंय, असा त्याचा सूर होता.

मी म्हटलं, मला आठ दिवस दे.

शोध नावापासून सुरू केला. ‘माउसट्रॅप’ हे नाव ख्रिस्तीचं नाही, शेक्सपिअरचं आहे. हॅम्लेटच्या बापाचा खून झाला आहे आणि खुनी गादीवर बसला आहे, असं भूत सांगतं. पुरावा नाही. तेव्हा हॅम्लेट राजवाड्यात आलेल्या नटमंडळींना अगदी तसाच खून असलेलं नाटक करायला लावतो आणि नाटक बघताना काकाचा चेहरा न्याहाळतो. नाटकाचं नाव काय, असं राजाने विचारल्यावर हॅम्लेट सांगतो: उंदरांचा सापळा. राजा मध्येच उठतो आणि दिवे मागतो. खुनाचं कोडं नाटकाने उलगडायचं, ही कल्पना इथवर जुनी आहे.

मराठीत हे नाटक ज्या जागी उतरलं, ती जागा येरवडेकराला विशेष वाटावी. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, ते बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच तुरुंगवासात त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ या नावाने, आणि ते १८८३ मध्ये छापून निघालं. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशींनी हॅम्लेट उभा केला आणि त्या भूमिकेने महाराष्ट्र वेडावला. म्हणजे मराठीतला पहिला ‘उंदरांचा सापळा’ कोठडीत लिहिला गेला. तालमीत हे सांगितल्यावर एकदम शांतता झाली. खिडकीतून ती भिंत दिसत होती, हे एक कारण असेल.

ख्रिस्तीकडे हे नाव आलं ते गरजेपोटी. मुळात तिने लिहिली होती अर्ध्या तासाची नभोनाटिका, ‘थ्री ब्लाइंड माइस’. राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने ती ३० मे १९४७ रोजी प्रसारित केली. राणीनेच ख्रिस्तीचं काहीतरी हवं म्हणून सांगितलं होतं. नंतर त्याची कथा झाली, मग नाटक. पण त्या नावाचं दुसरं नाटक आधीच येऊन गेलं होतं. तेव्हा ख्रिस्तीच्या जावयाने, अँथनी हिक्सने, ‘हॅम्लेट’मधलं हे नाव सुचवलं.

६ ऑक्टोबर १९५२ ला नॉटिंगहॅममध्ये पहिला प्रयोग, २५ नोव्हेंबरला लंडनच्या अँबॅसेडर्स थिएटरात. रिचर्ड अ‍ॅटनबरो आणि त्याची पत्नी शीला सिम हे पहिल्या संचात होते. तोच अ‍ॅटनबरो, ज्याने पुढे ‘गांधी’ काढला. नाटक किती चालेल यावर ख्रिस्ती आणि निर्माता पीटर सॉन्डर्स यांचं बोलणं झालं होतं. तिचा अंदाज आठ महिने, त्याचा चौदा. १९७४ मध्ये ते शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरात गेलं. १६ मार्च २०२० ला करोनाने थांबवलं, १७ मे २०२१ ला पुन्हा पडदा वर गेला. लंडनमधला खेळ संपून सहा महिने होईपर्यंत चित्रपट काढायचा नाही असं करारात असल्यामुळे इंग्रजीत चित्रपट कधी निघालाच नाही. आपल्याकडे बंगालीत प्रेमेंद्र मित्रांनी १९६० मध्ये याच कथेवरून ‘चुपी चुपी आशे’ काढला, तो लंडनला विचारून नव्हे.

आणि तो गुपिताचा रिवाज. प्रयोग संपल्यावर नट प्रेक्षकांना विनंती करतो की खुन्याचं नाव बाहेर सांगू नका. विकिपीडियाने ते उघड लिहिलं म्हणून २०१० मध्ये ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी बोलून दाखवली होती. मला यातली गंमत वेगळी वाटते. नाव आज कोणालाही दोन मिनिटांत मिळेल. तरी लोक ते शोधत नाहीत, शोधलं तर सांगत नाहीत. रहस्य टिकतं ते प्रेक्षकांच्या संमतीने. कीर्तनात कथा सगळ्यांना पाठ असते, तरी ‘पुढे काय झालं?’ म्हणून बुवांकडे बघायचं असतं, तसंच काहीसं.

पण माझ्या आठ दिवसांतले पाच दिवस गेले ते त्या शेतावरच्या मुलामागे. ते शेत ख्रिस्तीने कल्पनेने रचलं असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं.

मुलाचं नाव डेनिस ओनील. वेल्समधल्या न्यूपोर्टचा, वय १२. घरची परवड म्हणून तो आणि त्याचे भाऊ नगर परिषदेच्या ताब्यात आले. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस आणि धाकटा टेरेन्स यांना श्रॉपशरमधल्या बँक फार्म नावाच्या शेतावर, रेजिनाल्ड आणि एस्थर गॉफ या जोडप्याकडे ठेवलं गेलं. उपासमार, मारहाण, थंडी. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मेला. मुलांना पाठवणारी परिषद एका गावची, शेत दुसऱ्या परगण्यात. पाहणी कोणी करायची यात दोन्ही कचेऱ्यांचा घोळ झाला. खटल्यात लहानग्या टेरेन्सने साक्ष दिली. गॉफला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षं, त्याच्या बायकोला दुर्लक्ष आणि छळासाठी सहा महिने. सर वॉल्टर मंक्टन यांनी चौकशी केली. या प्रकरणाने पेटलेल्या लोकमताचा वाटा १९४८ च्या बालक कायद्यात आहे.

महायुद्ध चालू असूनही तिथल्या वर्तमानपत्रांनी या मुलाला पहिल्या पानावर जागा दिली होती. म्हणजे १९४७ मध्ये रेडिओ ऐकणाऱ्या आणि १९५२ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसाला शेताचा उल्लेख होताच कळत असणार की हे कोणाबद्दल आहे. त्याच्यासाठी तो ‘इतिहास’ नव्हता, सात वर्षांपूर्वीची लाज होती. प्रेक्षागृहात बसलेल्यांत एखादा परिषदेचा सदस्य असेल, एखादा न्यायाधीश, एखादी शाळामास्तरीण, जिने आपल्या वर्गातल्या मुलाच्या अंगावरचे वळ पाहून नजर फिरवली असेल. सापळा रंगमंचावरच्या आठ जणांसाठी लावलेला आहे असं वाटतं, पण त्याची एक कड प्रेक्षागृहात निघते. हॅम्लेटनेही तो प्रेक्षकासाठीच लावला होता.

आपल्याकडे हे सगळ्यात नेमकं ओळखलं तेंडुलकरांनी, असं मला वाटतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ मध्ये ‘रंगायन’ने केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे यांची. त्यातलं मंडळ आमच्यासारखंच हौशी. एका गावात प्रयोगाला गेलेलं, हाताशी वेळ आहे म्हणून लटका खटला मांडतं. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ चालू असतो तोवर सगळे हसतात, आणि हसता हसता खटला खरा होतो, तो लीला बेणारेवर उलटतो. ख्रिस्तीचं नाटक आणि तेंडुलकरांचं नाटक यांना एका पंक्तीत बसवलेलं काही वाचकांना रुचणार नाही. त्यांच्या उंचीत फरक आहेच. पण खेळ म्हणून मांडलेला सापळा कोणाला तरी खरा लागतो, हे दोन्हीकडे सारखं आहे. हौशी मंडळाने तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

आठ दिवसांनी मी हे सगळं तालमीत सांगितलं. दिग्दर्शक ऐकत होता, पटलं नव्हतं. ‘काका, पण इंग्लंडातल्या १९४५ च्या मुलाचं येरवड्यातल्या लोकांना काय?’ प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

उत्तर आलं मेजर मेटकाफचं काम करणाऱ्या काकांकडून. ते कारागृह सेवेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तालमीत आपली वाक्यं सोडून फारसं बोलत नसत. म्हणाले, ‘आत कोणी विचारत नाही, खून कोणी केला म्हणून. ते कागदावर लिहिलेलंच असतं, ३०२. आत आम्हाला कळायचं ते वेगळंच. हा कुठे वाढला, याच्याकडे भेटीला कोण येतं, कोण येत नाही.’

मग विषय अपरिहार्यपणे जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर गेला. माझ्या पिढीच्या पुणेकराला खून म्हटलं की तेच आठवतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले, त्यांत संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांच्या घरातली माणसं होती. मी तेव्हा लहान होतो. दिवेलागणीला दारं लागत, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी निघत नसे. ते पंधरा महिने सगळं पुणं एका रहस्यनाट्यात राहत होतं. कोण? हाच एक प्रश्न. आणि उत्तर मिळालं तेव्हा ती कला महाविद्यालयात शिकणारी मुलं निघाली. जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यातच फाशी झाली. त्यांच्यातल्या मुनव्वर शाहने तुरुंगात आत्मकथन लिहिलं. ते मी दोनदा वाचलं आहे. ‘कोण’चं उत्तर सात वर्षं आधीच मिळालेलं होतं, तरी लोक ते पुस्तक वाचतच राहिले. काय शोधत होते ते? नाटकात शेवटच्या पाच मिनिटांत जे सुटतं, ते तिथे सुटलेलं नाही.

हवालदार काका एवढंच म्हणाले, ‘त्र्याऐंशी साली मी नोकरीत नवा होतो.’ पुढे काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. दिग्दर्शकाने संहिता उघडली आणि म्हणाला, ‘चला, शेताच्या प्रवेशापासून घेऊ.’

उतारा पुरा ठेवला. पण नुसता ठेवून तो मंद वाटायचा थांबत नाही, हे दिग्दर्शकाचं म्हणणंही खरं होतं. त्यावर त्यानेच तोड काढली, आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. आधी पात्रं ती हकीकत प्रेक्षकांना माहिती पुरवल्यासारखी सांगत होती. त्याने प्रत्येकाला ठरवून दिलं की हे प्रकरण निघताच तुझ्या मनात काय येतं. एकाला कंटाळा, एकाला ‘नियमाप्रमाणे झालं होतं’ असा बचाव, एकाला भीती, एकाला दुसऱ्याच कुठल्या मुलाची आठवण. शब्द तेच राहिले. पण आता कोण ऐकतंय आणि कोण ऐकायचं टाळतंय हे दिसू लागलं, आणि संशय आपोआप वाटला गेला. रहस्याच्या दृष्टीनेही प्रवेश धारदार झाला.

अडलं ते गाण्यावर. ‘तीन आंधळे उंदीर’ या बालगीताची चाल नाटकभर शीळ होऊन फिरते. इंग्रज प्रेक्षकाला ती पाळण्यातली ओळख, म्हणून अंगावर काटा. आमच्या आजी-आजोबांना ती चाल म्हणजे कोणी वाजवलेली कुठलीशी धून. इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडं मात्र पहिल्या तीन सुरांतच ओळखायची. भाषांतराने हे भरून निघत नाही. शेवटी नाटकाआधी सभागृहात पाच मिनिटं ती चाल पेटीवर हळू वाजवत ठेवली, कानाला सवय व्हावी एवढ्यासाठीच.

प्रयोग कोजागिरीच्या आधीच्या शनिवारी झाला. दोनशे खुर्च्या, मागे उभे राहिलेले वेगळे. एक कापसाचा पुंजका पहिल्या अंकात एका पात्राच्या मिशीला चिकटून बसला, टेलिफोनची तार कापायच्या आधीच सुटून आली. पण शेताच्या प्रवेशाला पोरं हसली नाहीत. पत्रिकेच्या शेवटच्या पानावर आम्ही पाच ओळींत डेनिस ओनीलचं नाव, वय आणि तारीख छापली होती, खुनाबद्दल एक शब्दही न लिहिता. मध्यंतरात एक गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘अहो, आम्ही करमणुकीला आलो होतो, हे कशाला छापलंत?’ दुसऱ्या एक बाई, अंगणवाडीत काम करणाऱ्या, त्याच पत्रिकेच्या चार जादा प्रती मागून घेऊन गेल्या.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने रिवाजाप्रमाणे हात जोडून विनंती केली की खुन्याचं नाव कोणाला सांगू नका. रविवारी सकाळी साडेसातला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते नाव आलं, पाठोपाठ तीन अंगठे आले आणि सव्वाआठला हवालदार काकांचा निरोप आला: ‘कृपया वरील मजकूर काढून टाकावा.’ तो काढला गेला.